अप्पामामाचं ‘कशावरून?’

अप्पामामासमोर ‘बाहेर पाऊस पडतोय’ असं म्हणायची आमच्या घरात कुणाची टाप नाही. चुकून म्हटलंच, तर पेपरातून डोकं वर न काढता प्रश्न येतो, ‘कशावरून?’ तुम्ही खिडकीतून पाहिलं असेल तर ते प्रत्यक्ष, त्याला सहसा हरकत नसते. पत्र्यावरचा ताडताड आवाज ऐकून म्हणत असाल तर ते अनुमान. मग वरच्या बिऱ्हाडानं गच्ची धुवायला काढली नसेल कशावरून, हे आधी निकालात काढावं लागतं. आणि शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून म्हणत असाल तर ते शब्दप्रमाण. तिथे काकूंची विश्वासार्हता, त्यांचा चष्म्याचा नंबर आणि त्यांनी मागच्या आठवड्यात दिलेली गॅस सिलिंडरची खबर, सगळं तपासायला निघतं. तोवर दोरीवरचे कपडे चिंब. ‘प्रमाण कुठलंही असो, कपडे आत आणणारं माणूस एकच आहे,’ असं म्हणत मामी गच्चीत धावते.

असा एक माणूस प्रत्येक खानदानात असतो. कुणाकडे तो निवृत्त हेडमास्तर असतो, कुणाकडे विमा कंपनीतला, कुणाकडे नुसताच मोठा जावई. आमच्याकडे तो कोर्टातला निवृत्त शिरस्तेदार आहे. नुसता कोर्टातला असता तरी निभावलं असतं, पण बी.ए.ला त्यानं तत्त्वज्ञान घेतलं होतं. घेतलं म्हणजे इतिहासाच्या जागा भरल्या होत्या. वर्गात मुलं इतकी कमी की एक जण गैरहजर राहिला की सर लगेच ‘अभावाचं ज्ञान’ हा धडा काढत. वाईच्या पाण्यातही काही असावं. कृष्णेकाठी ढोल्या गणपती, तिथून हाकेच्या अंतरावर मीमांसाकोशाचे सात खंड ज्या संस्थेनं काढले ती प्राज्ञपाठशाळा, आणि त्यात भर म्हणून गावात मराठी विश्वकोशाचं कार्यालय. अशा गावात वाढलेला मुलगा एक तर पुरोहित होतो नाहीतर प्रतिवादी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींची व्याख्यानं आपण पहिल्या रांगेत बसून ऐकली, असं मामा सांगतो. (हा ऐकीव पुरावा. त्याच्याच नियमानं अग्राह्य.)

कोर्टानं त्याला 1872चा पुराव्याचा कायदा दिला आणि कॉलेजनं गौतमाचं न्यायदर्शन. या दोघांचं त्यानं डोक्यात लग्न लावून दिलं. जगातल्या कुठल्याही विधानाला त्याच्याकडे तीनच शिक्के आहेत: शाबीत, नाशाबीत आणि शाबीत न झालेलं. ‘हॉटेल चांगलं आहे’ हे शाबीत न झालेलं. ‘जावई निर्व्यसनी आहे’ हेही शाबीत न झालेलं, कारण नसलेली गोष्ट शाबीत करणार कशी? भाचीच्या बघण्याच्या कार्यक्रमात त्यानं हे पोहे खाता खाता मोठ्यानं म्हटलं होतं. मुलाकडचे गार पडले. मुलगा मात्र हसला आणि म्हणाला, ‘मामा, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे.’ त्या एका वाक्यावर लग्न ठरलं. शेजाऱ्यानं नेलेली शिडी परत येईना तेव्हा मामानं कलम 108 काढलं. सात वर्षं ज्याची खबर नाही तो मयत धरावा. शिडीचं सुतक मात्र पाळलं नाही.

1 जुलै 2024ला तो जुना कायदा जाऊन नवा आला आणि कलमांचे आकडे बदलले. मामानं ही बातमी घरातलं माणूस गेल्यासारखी ऐकली. तो अजून जुनेच आकडे वापरतो. लाडवाच्या डब्यापाशी हातात लाडू घेतलेला नातू सापडला की ‘कलम 114’ एवढंच म्हणतो. चोरीचा माल चोरीनंतर लगेच ज्याच्या हातात सापडेल तो चोर, किंवा जाणूनबुजून माल घेणारा, असं कोर्टाला गृहीत धरता येतं. नातू आता सात वर्षांचा आहे आणि ‘आजीनं दिला’ असं खुलाशादाखल सांगायला शिकला आहे.

दर्शनांचा हिशेब मामा पगारपत्रकासारखा तोंडपाठ सांगतो. चार्वाकाला एकच प्रमाण, प्रत्यक्ष. बौद्ध आणि वैशेषिक यांना दोन, सांख्यांना तीन, नैयायिकांना चार, प्राभाकर मीमांसकांना पाच, भाट्ट मीमांसक आणि वेदान्ती यांना सहा. चार्वाकाबद्दल त्याला आतून ओढ आहे. साताऱ्याच्याच आ. ह. साळुंखे यांचं ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ त्याच्या उशाशी असतं. धान्य आंबवलं की जशी झिंग उत्पन्न होते तसं चार भूतं एकत्र आली की चैतन्य उत्पन्न होतं, हे चार्वाकाचं म्हणणं सांगताना त्याचा चेहरा खुलतो. पण शिस्तीचा माणूस असल्यानं लगेच उलटतपासही घेतो: अनुमान खोटं असतं हे समोरच्याला पटवायचं तर समोरच्याला मन आहे आणि त्यात चूक बसली आहे, हे कळावं लागतं. ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे पुन्हा अनुमानच! एवढं बोलून तो स्वतःच स्वतःला टाळी देतो.

सहावं प्रमाण अनुपलब्धी. जमिनीवर घडा नाही हे आपल्याला घडा न दिसण्यातून कळतं. पण अट अशी की घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. हे प्रमाण आमच्याकडे फ्रीजसमोर सिद्ध होतं, म्हणजे होत नाही. मामा फ्रीज उघडतो, दार धरून पुतळ्यासारखा उभा राहतो आणि जाहीर करतो, ‘लिंबाचं लोणचं नाही.’ मामी हात न पुसता येते, दुधाचं पातेलं दोन बोटं सरकवते आणि बरणी काढून त्याच्या हातात देते. ‘पातेल्याआड होती. योग्यतेची अट पुरी झाली नव्हती,’ मामा म्हणतो. मामीचं मत असं की अट पुरुषांच्या बाबतीत कधीच पुरी होत नाही.

मनाबद्दलही त्याला न्यायदर्शनच सोयीचं पडतं. नैयायिकांच्या मते मन अणूएवढं असतं आणि एका वेळी एकाच इंद्रियाला जोडलं जातं, म्हणून दोन ज्ञानं एकदम होत नाहीत. यावर मामाची आख्खी संसारयात्रा उभी आहे. तो पेपर वाचत असताना मामी जेवायला हाक मारते. पहिला पुकारा. दुसरा पुकारा. तिसऱ्यानंतर ती एकतर्फी निकाल देऊन पानं झाकून ठेवते. मामा अर्ध्या तासानं येऊन बाजू मांडतो, ‘मन डोळ्यांना जोडलेलं होतं, कानाशी कुणी नव्हतं.’ मामी मालिका बघत मेथी निवडते, कुकरच्या शिट्ट्या मोजते आणि त्याच वेळी फोनवर बहिणीला कुणाचं काय चुकलं ते सांगते. हा न्यायशास्त्राला सरळसरळ आव्हान देणारा देखावा आहे. पण मामाकडे उत्तर तयार असतं: कोलीत गरगर फिरवलं की अग्नीचं कडं दिसतं, कडं मुळात नसतंच. तसं तिचं मन वेगानं फिरतं, एवढंच. मामी म्हणते, ‘फिरतं खरं. तुमचं बसलेलं असतं.’

गुडघेदुखीपासून मात्र तो मन आणि शरीर या प्रकरणात जास्तच शिरला. हाडांच्या डॉक्टरांकडे मी बरोबर होतो. डॉक्टर तरुण, घाईत, पण सालस. त्यांनी विचारलं, ‘शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?’

‘दहा म्हणजे कुणाचं दहा?’

‘तुमचं. म्हणजे जास्तीत जास्त दुखणं.’

‘जास्तीत जास्त दुखणं मी अजून पाहिलेलं नाही. पाहिल्याशिवाय त्याच्या मानानं हे किती, ते कसं सांगू? शिवाय माझं सहा तुमच्या चाराएवढं नसेल कशावरून?’

बाहेर पेशंट ताटकळले होते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि फोटो उजेडावर धरला. झीज होती, पण वयाच्या मानानं बेताची. मामा जो आनंदला! ‘म्हणजे बघा, फोटोत नाही पण दुखतंय. कागदोपत्री पुरावा आणि तोंडी पुरावा यांच्यात विसंगती.’ डॉक्टर म्हणाले, ‘काका, असं पुष्कळदा होतं. फोटोत गुडघा संपलेला असतो आणि माणूस गड चढत असतो. उलटंही असतं. दुखणं मला दिसत नाही. तुम्ही सांगाल तो आकडा मी लिहिणार.’ मामा बराच वेळ गप्प बसला. एवढं शिकलेला माणूस आपल्या शब्दावर, निव्वळ शब्दावर, औषध लिहून देतो, याचं त्याला फार वाटलं. ‘लिहा साडेपाच,’ तो म्हणाला.

पुढे साखर निघाली. सातारी कंदी पेढ्यांवर बंदी आली. तपासणीच्या आधी आठवडाभर मामा मुनिव्रतानं राहिला आणि उपाशीपोटीची साखर झकास आली. पण डॉक्टरांनी एचबीएवनसीही करायला सांगितलं होतं. त्या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, आठवडाभराच्या पुण्याईला ती भुलत नाही. आकडा बघून मामीला कुठलाही ग्रंथ न वाचता मीमांसकांचं पाचवं प्रमाण कळलं. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी लठ्ठच आहे, त्या अर्थी तो रात्री जेवतो. अर्थापत्तीचं हे उदाहरण मामानंच तिला नव्या लग्नात कौतुकानं सांगितलं होतं. मामीनं कपाटातला विश्वकोशाचा खंड बाहेर ओढला. मागे पेढ्यांचा पुडा होता.

जन्मतारखेचं प्रकरण त्याला खरोखर लागलेलं आहे. त्या काळी मास्तर शाळेत नाव घालताना ज्याची तारीख ठाऊक नाही त्याला 1 जून चिकटवत. मामाच्या दाखल्यावर 1 जून 1961 आहे. पण त्याच्या आईचं, म्हणजे आमच्या आजीचं, शेवटपर्यंत म्हणणं असं की पानशेत फुटलं तेव्हा हा पोटात होता. पानशेतचं धरण फुटलं 12 जुलै 1961ला. म्हणजे आई आणि मास्तर यांच्यातला एक साक्षीदार चुकतोय. मामा स्वतः त्या प्रसंगी हजर होता, पण साक्षीला अपात्र. सरकारनं मास्तरांचं ऐकलं. महिन्याच्या एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या अखेरीस घरी जायचं, या नियमानं 31 मे 2019ला मामाचा नारळ, शाल आणि निरोपाची भाषणं झाली. आजीचं ऐकलं असतं तर निदान जुलै अखेरपर्यंत पगार होता. ‘स्वतःचा जन्म कुणाला स्वतः ठाऊक असतो?’ तो म्हणतो. ‘आपण आपल्या आईबापांचे, हेसुद्धा लोकांनी सांगितलं म्हणून.’ आणि मग आजीच्या फोटोकडे बघून घाईघाईनं, ‘तसं नाही, एक तत्त्व म्हणून सांगतोय.’ वाढदिवस तो करू देत नाही. केक मात्र खातो. आता तोही बंद.

युरोपातल्या मंडळींपैकी त्याचं सख्य एका राजकन्येशी आहे. बोहेमियाची एलिझाबेथ. बापाचं राज्य गेलेलं, हॉलंडात आश्रयाला राहिलेली. 1643 साली चोविसाव्या वर्षी तिनं तत्त्वज्ञ देकार्तला पत्र लिहून विचारलं: आत्म्याला लांबी नाही, रुंदी नाही, वजन नाही, मग तो हात कसा हलवतो? हलवायचं तर ढकलावं लागतं, ढकलायला स्पर्श लागतो. ‘पोरीनं कशावरून विचारलं!’ मामा मांडीवर थाप मारतो. एवढा मोठा पंडित, पण त्याची उत्तरं ऐकून ती निमूट बसली नाही. तुमचं हे समजून घेण्यापेक्षा आत्म्यालाच लांबी-रुंदी आहे असं मानणं मला सोपं जाईल, असं तिनं कळवलं. घरच्या जबाबदाऱ्यांतून मला ध्यानाला सवड होत नाही, असंही सांगितलं. तेव्हा देकार्तनं लिहिलं की मन आणि शरीर यांची एकी विचार करून कळत नसते, ती रोजच्या जगण्यातून आणि गप्पागोष्टींतून कळते. निव्वळ बुद्धीच्या विचाराला मी स्वतः वर्षातून फार थोडे तास देतो.

हे शेवटचं मामानं उत्साहाच्या भरात मामीसमोर वाचून दाखवलं. व्यवहारात त्याला सगळ्यात महागात पडलेलं ते वाक्य. आता भाजी आणायचा विषय निघाला आणि मामा डोळे मिटून बसला की आतून आवाज येतो, ‘या वर्षाचे तास झाले तुमचे!’ आपल्या सांख्यांनी हा घोळच होऊ दिला नाही, असं मग तो मला हळू आवाजात सांगतो. त्यांनी मन आणि बुद्धी दोन्ही प्रकृतीच्या, म्हणजे शरीराच्याच बाजूला टाकली. रेघ पुरुष आणि प्रकृती यांच्यामध्ये. पुरुष नुसता बघणारा, काम करणारी प्रकृती. ‘ते दिसतंच आहे,’ मामी.

मामीची आई गेली त्या पावसाळ्यात मामीला रोज संध्याकाळी बारीक ताप यायचा. मलेरिया नाही, टायफॉइड नाही, छातीचा फोटो स्वच्छ. औषधं झाली. मामानं तेव्हा कुणाला काही विचारलं नाही, हे मी पाहिलं आहे. रात्री तो राजकन्येचाच पत्रव्यवहार उघडून बसलेला असे. 1645मध्ये तिलाही असाच रेंगाळलेला ताप आणि कोरडा खोकला होता. देकार्तनं तिला लिहिलं की अशा तापाचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे दुःख. औषध म्हणून सांगितलं ते असं की रानाची हिरवाई, फुलांचे रंग, पाखरांचं उडणं असं काही नुसतं बघत बसावं, कसलाही विचार न केल्यासारखं. दुसऱ्या दिवसापासून मामा संध्याकाळी स्कूटर काढून मामीला मेणवलीच्या घाटावर न्यायला लागला. पेट्रोलचा हिशेब ठेवणारा माणूस! तिथे पायरीवर दोघं बसत. मामा बोलत नसे. त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी सलग शांतता असावी. महिन्याभरानं ताप गेला. ‘तुझ्या पुस्तकानं बरी झाली बघ,’ मी म्हणालो. तर म्हणाला, ‘कशावरून? कावळा बसला आणि फळ पडलं, असंही असेल. शाबीत न झालेलं.’ मेणवलीला मात्र ती दोघं अजून जातात.

मागच्या नोव्हेंबरात मी त्याला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत घेऊन गेलो. मामीही पासबुक घेऊन आली. निवृत्तांची ही वर्षातली वारी. पूर्वी यादीत नावापुढे सही केली की सुटका व्हायची. आता काउंटरवर अंगठ्याचं यंत्र आहे. मामानं अंगठा ठेवला. यंत्र नाही म्हणालं. पुसून ठेवला. नाही. तर्जनी, मधलं बोट, उलट्या हाताचा अंगठा, सगळे साक्षीदार फितूर. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘रेषा झिजल्यात काका. वयानं होतं.’

इथे मामाला राहवलं नाही. मी सगळ्याचा संशय घेऊ शकतो, तो तिला म्हणाला, या काउंटरचा, तुमचा, माझ्या या अंगठ्याचा. पण संशय घेणारा कुणीतरी आहे याचा संशय घेता येत नाही. म्हणजे मी आहे. मुलीनं हे नीट ऐकून घेतलं. ‘हो काका,’ ती म्हणाली, ‘पण यंत्र नाही म्हणतंय.’

अर्जावर फोटोला जागा होती, सहीला होती, अंगठ्याला होती. मनाला रकाना नव्हता. मागे रांग वाढत चालली. तेवढ्यात रांगेतून एक म्हातारा पुढे आला, कोर्टातला निवृत्त बेलीफ. ‘मॅडम, हे आमचे शिरस्तेदार. जिवंत आहेत. सकाळपासून माझ्याशी वाद घालतायत.’ रांगेतल्या आणखी दोघांनी माना डोलावल्या. आतून अधिकारी आले, त्यांनी मामाकडे एकदा, बेलीफाकडे एकदा पाहिलं, साधा कागदी अर्ज मागवला आणि सही करून शिक्का मारला.

मामा शिक्का वाळेपर्यंत कागदाकडे बघत राहिला. चार लोक म्हणाले म्हणून जिवंत! त्याला राग आला होता की समाधान वाटलं होतं, ते मला चेहऱ्यावरून अनुमानता आलं नाही.

‘पुढच्या नोव्हेंबरात जरा लवकर या काका, पहिल्या आठवड्यात गर्दी नसते,’ मुलगी म्हणाली.

‘आजवर दर नोव्हेंबरात आलो, यावरून पुढच्या नोव्हेंबरात येईनच असं—’ मामानं सुरुवात केली.

‘येतील,’ मामीनं परस्पर सांगून टाकलं. मग पासबुक भरून घेतलं आणि पेढ्यांच्या दुकानावरून जाणारा जवळचा रस्ता सोडून त्याला मागच्या आळीनं घरी नेलं.